ऱ्हाईनकाठचे किल्ले पहिल्यांदा पाहायला निघताना

फ्रँकफर्टला कामानिमित्त येणाऱ्या किंवा नव्यानं राहायला आलेल्या मराठी मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो: "एक-दोन दिवस मोकळे आहेत, ऱ्हाईनचे किल्ले होतील का?" होतील. वाद फक्त 'किती' यावर होतो. बिंगेन ते कोब्लेन्झ हे नदीचं खोरं ६५ किलोमीटरचं आहे. तेवढ्यात चाळीसच्या आसपास किल्ले आहेत, आणि २००२ पासून हा सगळा पट्टा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. बोटीतून जाताना एक बुरूज मागे पडतो न पडतो तोच दुसरा समोर येतो, आणि मग सगळेच चढावेसे वाटतात. माझं सांगणं एकच: दिवसाला दोन किल्ले चढा, बाकीचे नदीवरून बघा. हे किल्ले नदीसाठीच बांधलेले आहेत, आणि नदीवरून बघितल्याशिवाय त्यांचा अर्थ लागत नाही.

पायरी १: आधी जकात समजून घ्या

सह्याद्रीत फिरलेला माणूस इथे आला की डोळ्यांनी घाटवाट शोधतो. इथे घाटवाट म्हणजे ऱ्हाईन. मध्ययुगात वाईन, मीठ, मासे, लाकूड, सगळा माल नदीतून जायचा, आणि ज्याच्या ताब्यात काठावरचा खडक, तो खालून जाणारी बोट थांबवून जकात घ्यायचा. म्हणून किल्ले शिखरावर कमी आणि उताराच्या मध्यावर, नदीच्या वळणाकडे तोंड करून जास्त. बोट लांबून दिसली पाहिजे आणि बोटीलाही किल्ला दिसला पाहिजे.

कात्सेनएल्नबोगन नावाचं एक सरदार घराणं होतं. त्यातल्या डीटर नावाच्या काउंटनं १२४५ मध्ये झांक्ट गोआर गावाच्या वर ऱ्हाईनफेल्स किल्ला बांधला, तो जकातीसाठीच. पुढे त्यानं जकात वाढवली. नदीवर पोट असलेल्या शहरांनी १२५४ मध्ये संघ केला होता, त्या संघाच्या फौजा १२५५ मध्ये किल्ल्यावर चालून आल्या. वेढा एक वर्ष चौदा आठवडे चालला आणि किल्ला पडला नाही. ही गोष्ट डोक्यात ठेवून ऱ्हाईनफेल्सच्या तटावर उभं राहिलं की खालून जाणारी प्रत्येक मालबोट वेगळी दिसते.

आणि वाईन? रीझलिंग या द्राक्षाची सर्वांत जुनी लेखी नोंद १४३५ सालची आहे, ती याच कात्सेनएल्नबोगन घराण्याच्या हिशेबात सापडते. रीझलिंगच्या वेलींच्या खरेदीची ती नोंद आहे. म्हणजे जकात गोळा करणारं घर आणि वेली लावणारं घर एकच. किल्ल्याखाली द्राक्षबागा आहेत, हा निव्वळ देखाव्याचा योगायोग नाही.

आणखी दोन काळ लक्षात ठेवा, म्हणजे प्रत्येक ठिकाणी फलक वाचत बसावं लागणार नाही. १६८९ च्या सुमारास फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या सैन्यानं या खोऱ्यातले बरेचसे किल्ले उद्ध्वस्त केले. भग्न भिंती दिसल्या तर बहुतेक वेळा कारण तेच. १८१५ मध्ये नदीचा पश्चिम काठ प्रशिया या जर्मन राज्याकडे गेला आणि तिथल्या राजपुत्रांनी पडके किल्ले विकत घेऊन किंवा भेट मिळवून पुन्हा उभे केले, आपल्या मनातल्या मध्ययुगासारखे. तेव्हा टोकदार कळस, टवटवीत कंगोरे आणि रंगीत काचा दिसल्या की त्या बहुधा एकोणिसाव्या शतकातल्या आहेत असं समजा.

पायरी २: महिना आणि वार ठरवा

एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सगळं सुरू असतं. मे उत्तम. सप्टेंबर-ऑक्टोबर त्याहून उत्तम, कारण तेव्हा द्राक्षतोडणी चालू असते. आपल्याकडे नाशिकला वाईनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात, इथे शरद ऋतूत. हिवाळ्यात बरेच किल्ले बंद असतात आणि प्रवासी बोटीही जवळजवळ थांबतात. ब्राउबाखचा मार्क्सबुर्ग मात्र हिवाळ्यातही उघडा असतो, ख्रिसमसचे दिवस सोडून.

सोमवार टाळा, काही वास्तूंचा तो सुट्टीचा वार आहे. रविवारी दुकानं बंद असतात, पण किल्ले आणि खानावळी चालू असतात. निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक किल्ल्याचं संकेतस्थळ उघडून त्या दिवसाच्या वेळा तपासाच. २०२९ मध्ये या खोऱ्यात राष्ट्रीय उद्यान प्रदर्शन, म्हणजे बुंडेसगार्टनशाउ, भरणार आहे. त्याआधी ठिकठिकाणी डागडुजी चालू असल्यामुळे एखादा भाग अचानक बंद सापडू शकतो.

पायरी ३: डावा काठ, उजवा काठ

नवख्या माणसाची फसगत सगळ्यात जास्त इथे होते, म्हणून जरा थांबून सांगतो. नदीच्या उगमाकडे पाठ करून उभं राहिलं की डाव्या हाताला तो डावा काठ. बिंगेन, बाखाराख, ओबरवेझेल, झांक्ट गोआर आणि बोपार्ड डाव्या काठावर. रुडेसहाईम, कौब, झांक्ट गोआर्सहाउझेन आणि ब्राउबाख उजव्या काठावर. झांक्ट गोआर आणि झांक्ट गोआर्सहाउझेन ही दोन वेगळी गावं आहेत, समोरासमोर, मध्ये नदी. गाडी चुकीच्या काठाची पकडली की समोर दिसणारा किल्ला गाठायला तासभर जातो. कोब्लेन्झपासून थेट माइन्झपर्यंत ऱ्हाईनवर एकही पूल नाही.

पूल नाही, पण फेरीबोटी आहेत: बिंगेन-रुडेसहाईम, नीडरहाईमबाख-लोर्ख, कौब, झांक्ट गोआर-झांक्ट गोआर्सहाउझेन, बोपार्ड-फिल्झेन. माणसं, सायकली, गाड्या सगळं घेऊन त्या दिवसभर ये-जा करतात. सुट्टे पैसे जवळ ठेवा.

दोन्ही काठांवरून रेल्वे जाते आणि प्रादेशिक गाड्या साधारण तासातासाला असतात. डॉइचलांडटिकिट म्हणजे मासिक पास असेल तर या गाड्या त्यातच आल्या. नसेल आणि चार-पाच जण एकत्र असाल तर ऱ्हाईनलांड-फाल्झ राज्याचं एका दिवसाचं गट-तिकीट स्वस्त पडतं. दोन्ही तिकिटं जलदगती आयसीई-आयसी गाड्यांना चालत नाहीत. बिंगेनला दोन स्थानकं आहेत: बोट पकडायची असेल तर 'बिंगेन श्टाट'ला उतरा, धक्का तिथून जवळ आहे.

मोटार भाड्यानं घ्यायची का? माझं मत नको. काठचे रस्ते अरुंद, वाहनतळ लहान, आणि दिवसाच्या शेवटी एक प्याला वाईन घ्यायची असते. जर्मनीत रक्तात ०.५ प्रतिहजार ही मद्याची मर्यादा आहे आणि नवीन परवानाधारकांना तेवढीही मुभा नाही.

पायरी ४: एक टप्पा बोटीनं, तो प्रवाहाच्या दिशेनं

ऱ्हाईन इथे साधारण उत्तरेकडे वाहते. बिंगेनहून झांक्ट गोआरला प्रवाहाबरोबर दीड तासाच्या आसपास लागतो, उलट दिशेला त्याहून बराच जास्त. म्हणून जाताना बोट, परतताना आगगाडी.

वरच्या मोकळ्या डेकवर बसा. सुरुवातीला उजवीकडे द्राक्षबागांच्या मधोमध एरेनफेल्सचा पडका किल्ला आणि नदीत एका बेटावर 'उंदरांचा मनोरा' दिसतो. क्रूर धर्माध्यक्षाला उंदरांनी खाल्ल्याची त्याची दंतकथा प्रसिद्ध आहे, पण नावामागे जकातीचा जुना शब्द 'माउट' असावा असंही सांगतात. मनोरा होताही एरेनफेल्सच्या जकातनाक्याचाच. त्यानंतर बाखाराखपर्यंत नजर डावीकडे ठेवा: ऱ्हाईनश्टाईन, राइखेनश्टाईन, झोनेक, फ्यूर्स्टनबेर्गचे अवशेष, श्टालएक. यातल्या राइखेनश्टाईन आणि झोनेकमधल्या लुटारू सरदारांचा बंदोबस्त हाब्सबुर्गच्या रुडोल्फ राजानं १२८२ मध्ये केला. म्हणजे जकात आणि लूट यांतली सीमा तेव्हाही वादाचीच होती.

बाखाराखनंतर उजवीकडे वळा. कौबसमोर नदीच्या मधोमध पांढरा फाल्झग्राफनश्टाईन येतो, त्याच्या वर उतारावर गुटनफेल्स. मग डावीकडे ओबरवेझेलचा शोनबुर्ग, आणि नदी आवळत आवळत लोरेलायच्या १३२ मीटर उंच खडकाखाली येते. पर्यटक खडकाचे फोटो काढतात. तुम्ही काठावरचे दिव्यांचे खांबही बघा: वळणापलीकडून मोठं जहाज येतंय का, हे ते दिवे बोटींना सांगतात. रडार आणि उपग्रहाच्या काळातही हे वळण तितकंच अवघड आहे.

काठावर मोठ्या आकड्यांचे फलक दिसतील. कोन्स्टान्झपासून मोजलेले ते किलोमीटर आहेत. कौबचा बेटावरचा किल्ला ५४६ जवळ, लोरेलाय ५५४, कोब्लेन्झ ५९१ च्या पुढे. आपण कुठे आहोत हे कळायला यापेक्षा सोपी खूण नाही, नकाशाची रेंज गेली तरी.

उजेडाचं गणित सोपं आहे. डाव्या काठावरचे किल्ले पूर्वेकडे तोंड करून आहेत, त्यांच्यावर सकाळी ऊन. उजव्या काठावर दुपारनंतर.

पायरी ५: चढायचे किल्ले निवडा

पहिल्या खेपेला एक न पडलेला, एक पडलेला आणि एक पाण्यातला, असे तीन बघावेत.

न पडलेला म्हणजे मार्क्सबुर्ग. मध्य ऱ्हाईनवरच्या डोंगरी किल्ल्यांत कधीही उद्ध्वस्त न झालेला हा एकच. १२८३ मध्ये तो कात्सेनएल्नबोगनकडे आला, त्यांनीच त्याला आजचा आकार दिला. १९०० पासून तो जर्मन किल्ले संघटनेकडे आहे आणि तिचं मुख्यालयही इथेच आहे. ब्राउबाख स्थानकावरून गावातून वीस-पंचवीस मिनिटांची चढण आहे. आतला भाग मार्गदर्शकाबरोबरच बघावा लागतो, फेरी सुमारे पन्नास मिनिटांची. बहुतेक फेऱ्या जर्मनमध्ये, इंग्रजी फेरी ठरावीक वेळेलाच, तेव्हा ती वेळ आधी बघून त्याप्रमाणे आगगाडी धरा.

दरवाजातून आत गेल्यावर पहिली गोष्ट पायाखाली आहे: घोडेस्वारांसाठी खडकात खोदलेल्या पायऱ्या. उंचसखल, झिजलेल्या, पावसात निसरड्या. गुळगुळीत तळव्याचे बूट घालून येऊ नका. पुढे नदीकडे तोंड केलेल्या तोफा, मसाल्याच्या आणि औषधी झाडांची बाग, मोठ्या चुलीचं स्वयंपाकघर, दालनं, चिलखतं. मधल्या उंच मनोऱ्याला बेर्गफ्रीड म्हणतात. तो राहण्यासाठी नव्हे, टेहळणीसाठी आणि शेवटच्या आसऱ्यासाठी. अशा मनोऱ्यांचं दार जमिनीपासून बरंच वर असतं, शिडी ओढून घेतली की आत येणं संपलं. मार्क्सबुर्गचा मनोरा खाली रुंद आणि वर अरुंद आहे. लोणी घुसळायच्या लाकडी पिंपावरून जर्मन लोक या आकाराला नाव देतात.

आपल्या शब्दांची सांगड घालून बघितलं तर किल्ला पटकन ओळखीचा होतो. दोन तटांमधली मोकळी जागा त्स्विंगर, शत्रू पहिला तट ओलांडून आला की कोंडीत सापडावा म्हणून. जंग्या इथेही आहेत, पण उभ्या अरुंद फटी धनुष्यासाठी आणि खाली गोल भोक असलेल्या बंदुकीसाठी. या एका फरकावरून भिंत आधीची की नंतरची याचा अंदाज बांधता येतो. पाण्याच्या टाक्यांची जागा खोल विहिरी आणि पावसाच्या पाण्याचे हौद घेतात. आणि एक मोठा फरक: राजगडासारखी माचीची ऐसपैस जागा इथे सापडणार नाही. हे किल्ले एका घराण्याच्या वाड्यापुरते आहेत. फार तर चार-पाच दालनं, एक प्रार्थनास्थळ, एक मनोरा. लहान आहे म्हणून हिरमुसू नका, त्यांचं काम तेवढ्यात होत होतं.

पडलेला म्हणजे ऱ्हाईनफेल्स, ज्याची वेढ्याची गोष्ट वर सांगितली. तो पुढे वाढत वाढत तोफांच्या काळातली मोठी गढी झाला. १६९२ मध्ये लुईच्या प्रचंड सैन्यालाही त्यानं दाद दिली नाही. आणि १७९४ मध्ये फ्रेंच क्रांतीच्या फौजांपुढे तो एक गोळी न झाडता सोडून दिला गेला, नंतर फ्रेंचांनी सुरुंग लावून उडवला. झांक्ट गोआरहून वीसेक मिनिटं चढ. भग्न असला तरी विस्तार डोळ्यांत भरतो, आणि मोकळेपणानं भटकता येतं. खाली भुयारं आहेत. बाहेरच्या वेढ्याखाली सुरुंग पेरण्यासाठी ती खणली होती. काही बुटकी आणि काळोखी आहेत, म्हणून विजेरी न्या, कंबर आणि गुडघे दुखत असतील तर बाहेरच थांबा. लहान मुलांना हा किल्ला सगळ्यात जास्त आवडतो. कठडे प्रत्येक ठिकाणी नाहीत, मुलांचा हात धरा.

पाण्यातला म्हणजे कौबचा फाल्झग्राफनश्टाईन. बाव्हेरियाच्या लुडविग राजानं १३२६-२७ मध्ये बेटावर पाचकोनी मनोरा बांधला, जकातीसाठीच, आणि पोपनं त्यावर नाराजीही व्यक्त केली. काही वर्षांत त्याभोवती सहाकोनी तट आला. लांबून तो नदीत नांगरलेलं जहाज वाटतो, आणि प्रवाहाकडचं टोक खरंच जहाजाच्या नाळेसारखं आहे: हिवाळ्यात वाहून येणारे बर्फाचे तुकडे त्यावर आपटून फुटत. जकात इथे १८६७ मध्ये, प्रशियाच्या काळात बंद झाली. म्हणजे पाच शतकांहून जास्त काळ एकच काम. आत सामान नाही, सजावट नाही, वीज नाही. लाकडी मजले, जंग्या, आणि चारी बाजूंनी पाणी. मला हा या खोऱ्यातला सगळ्यात खरा किल्ला वाटतो. कौबहून छोटी बोट काही मिनिटांत नेते. पूर आला की ती बंद होते, म्हणून पावसाळी आठवड्यानंतर आधी चौकशी करा.

१८१४ च्या वर्षारंभी प्रशियाचा सेनापती ब्ल्यूखर नेपोलियनच्या मागावर याच ठिकाणी तरंगता पूल टाकून ऱ्हाईन ओलांडून गेला. बेट मध्ये असल्यामुळे पूल शक्य झाला.

ज्यांना सजवलेली दालनं हवीत त्यांनी ऱ्हाईनश्टाईन बघावा. प्रशियाच्या फ्रीडरिख राजपुत्रानं तो १८२५ ते १८२९ मध्ये पुन्हा बांधला, आणि ती लाट तिथून सुरू झाली. कोब्लेन्झजवळचा श्टोल्झनफेल्सही त्याच जातीचा.

पायरी ६: तटबंदीच्या गावात मुक्काम करा

दिवसभराच्या सहलीत आलेले लोक संध्याकाळी परत जातात आणि गावं शांत होतात. बाखाराख किंवा ओबरवेझेलला एक रात्र राहा. ओबरवेझेलच्या तटाचे सोळा मनोरे अजून उभे आहेत आणि तटाच्या काही भागावरून चालता येतं. बाखाराखचा तट गावाभोवतीच्या बागांमधून वर चढतो. वरच्या मनोऱ्यापर्यंत गेलात तर वेली अक्षरशः हाताला लागतात. तिथला श्टालएक किल्ला युवा वसतिगृह आहे, कुटुंबांनाही जागा मिळते, मात्र वसतिगृह संघाचं सभासदत्व लागतं आणि महिनोन्महिने आधी नोंदणी करावी लागते.

खोली घेताना एकच विचारा: रुळांच्या बाजूची आहे का? दोन्ही काठांवरून रात्रभर मालगाड्या धावतात आणि अरुंद खोऱ्यात आवाज घुमतो. मागच्या गल्लीतली खोली मागा, नदीचा देखावा सकाळी बघता येईल.

पायरी ७: वाईन, आणि तिची शिष्टाचाराची भाषा

बाखाराख वाईनसाठी का गाजलं? बिंगेनजवळ नदीच्या पात्रात खडकाची आडवी रांग होती. मोठ्या बोटी ती ओलांडू शकत नसत. वरच्या भागातली वाईन लहान बोटींतून खाली यायची आणि बाखाराखला मोठ्या जहाजांवर चढायची. त्यामुळे दूरच्या बाजारांत सगळीच 'बाखाराखची वाईन' म्हणून विकली जाई.

बागा उभ्या उतारांवर आहेत. दगड स्लेटचा, आपल्या शाळेच्या पाटीचा. तो दिवसा तापतो आणि रात्री ऊब देतो, म्हणून इतक्या उत्तरेला द्राक्ष पिकतं. कोरड्या दगडांचे बांध हातानं रचलेले आहेत, बरीच मेहनत अजूनही माणसांच्या पायांची आहे. खुणेच्या वाटा सोडून वेलींमध्ये शिरू नका आणि घड तोडू नका. ते कोणाचं तरी वर्षाचं पीक आहे.

प्यायला जागा शोधताना दारावर टांगलेला झाडू किंवा पानांचा हार बघा. ती श्ट्राउसविर्टशाफ्ट, बागायतदाराची हंगामी खानावळ. वर्षातून फार तर चार महिने उघडी, आसनं चाळीसपर्यंतच, आणि वाईन फक्त स्वतःची. मागताना तीन शब्द पुरतात: 'ट्रोकन' म्हणजे कोरडी, 'फाइनहेर्ब' म्हणजे किंचित गोडसर, 'लीबलिख' म्हणजे गोड. पहिल्यांदाच पीत असाल तर फाइनहेर्ब रीझलिंग मागा. शरदात 'फेडरवाइसर' मिळते, अजून आंबत असलेला गढूळ, गोड रस. चढते पटकन, जपून. न पिणाऱ्यांनी 'ट्राउबनझाफ्ट', द्राक्षाचा रस मागावा, तोही त्याच बागेचा असतो आणि कोणी वावगं मानत नाही.

शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवा: पातळ भाकरीसारखा फ्लामकूखन आणि कांद्याचा त्स्वीबलकूखन, दोन्हींत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे नेहमीचेच. 'ओने श्पेक' म्हणजे त्याशिवाय. हे मागवतानाच सांगा.

दोन दिवसांची आखणी

पहिला दिवस: सकाळी बिंगेन श्टाट, तिथून बोटीनं झांक्ट गोआर, ऱ्हाईनफेल्स निवांत तीन तास, मग आगगाडीनं बाखाराख. संध्याकाळी तटावरून फेरी आणि वाईन.

दुसरा दिवस: सकाळी आगगाडीनं झांक्ट गोआर, फेरीनं पलीकडे, उजव्या काठच्या गाडीनं ब्राउबाख आणि मार्क्सबुर्ग. दुपारी त्याच काठानं परत कौब आणि बेटावरचा किल्ला. मग कौबच्या फेरीनं डाव्या काठावर या. तिथे रेल्वे स्थानक नाही, पण नदीकाठच्या वाटेनं बाखाराख तीनेक किलोमीटर आहे, सपाट. चालत निघाल्यावर थोड्या थोड्या वेळानं मागे वळून बघा: मावळतीचं ऊन तेव्हा पांढऱ्या किल्ल्यावर आणि गुटनफेल्सवर एकदमच पडलेलं असतं.